बायपोलर म्हणून चार वर्षं गोळ्या घेतल्या, दुखणं निघालं पाळीआधीचं

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. लिहीन लिहीन म्हणत वर्ष गेलं. परवा इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "बायकोला महिन्यातले आठ-दहा दिवस बायपोलर होतं." ते वाचलं आणि रात्रभर डोक्यातून जाईना. माझ्या केसपेपरवरही चार वर्षं तोच शब्द होता, बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात वर तर कधी उदासीत खाली जाण्याचा आजार. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. तासगावच्या बाजूला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बेदाण्याचा हिशेब बघते. घरी हे, आत्याबाई आणि आमचा तिसरीतला मुलगा. तो दोन वर्षांचा झाला तेव्हापासून मला महिन्यातले काही दिवस काहीतरी व्हायला लागलं. कुकरची शिट्टी झाली तरी अंगावर शहारा यायचा. एकदा हे जेवताना "मीठ जरा कमी आहे गं" एवढंच म्हणाले, आणि मी त्यांचं ताट उचलून मोरीत ओतलं. पोरगं दाराआड उभं राहून बघत होतं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसायचं. मी नसले तर हे सगळे सुखात राहतील, असं खरोखर वाटायचं. आणि मग एक दिवस सकाळी उठले की सगळं गेलेलं असायचं, अंगावरचं ओलं घोंगडं कुणी काढून घ्यावं तसं. त्या दिवशी मी घरातली सगळी अंथरुणं धुवायला काढायची, ऑफिसातल्या राहिलेल्या नोंदी दोन दिवसांत उपसायची, बहिणीला फोन लावून तासभर बोलायची.

आत्याबाईंनी सगळ्यात आधी ओळखलं की हे ठरावीक दिवसांनी येतं. पण त्यांनी ते अमावास्येशी जोडलं. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. माझी पाळी २९ दिवसांची, आणि अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस. पहिलं दीड वर्ष दोन्ही जवळजवळ हातात हात घालून चालल्या. दर अमावास्येच्या आधी मी बिघडायची, मग "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून अंगारे झाले, एका ठिकाणी पाच वाऱ्या झाल्या. हळूहळू जुळणी सुटत गेली, तेव्हा सांगणारा म्हणाला, "आता ते पौर्णिमेलाही त्रास द्यायला लागलंय."

शेवटी ह्यांनी डॉक्टरकडे नेलं. गावाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही. दहा मिनिटांची भेट. "कधी एकदम हुरूप, कामाचा झपाटा, खूप बोलणं, आणि कधी एकदम खाली, असं होतं का?" मी म्हटलं, हो. खोटं नव्हतंच ते. पाळीचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेजारी हे, मागच्या बाकावर सासऱ्यांचे चुलतभाऊ, जे गाडी घेऊन आले होते. त्यांच्यापुढं मी पाळीचं काय बोलणार? कागदावर बायपोलर लिहिलं गेलं. त्यावरची व्हॅल्प्रोएट नावाची गोळी सुरू झाली, रात्रीची एक वेगळी गोळी. वजन अकरा किलोनं वाढलं, ऑफिसात डुलक्या लागायच्या, आणि ते दिवस यायचे ते येतच राहिले. आले की डोस वाढायचा. आम्हाला दुसरं मूल हवं होतं. या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळाला काय होऊ शकतं, हे चार वर्षांत कुणी सांगितलं नाही.

२०२४ च्या मेमध्ये मिरजेत एका बाई डॉक्टरांकडे गेले. पहिला प्रश्न, "शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?" मला रागच आला. मी डोक्याचं दुखणं दाखवायला आले होते. त्या म्हणाल्या, दोन महिने रोज रात्री आकडे लिहायचे. सध्याच्या गोळ्यांना हात लावायचा नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरच लिहिलं. चार गोष्टी: चिडचिड, उदासी, धास्ती, झोपेची तक्रार. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे अगदी टोकाचं. पाळी आली की तारखेभोवती लाल गोल. चौकट एवढीशी, त्यात चार आकडे बसवायला मुलाची पेन्सिल टोक काढून घ्यायची मी.

जूनमध्ये लाल गोल १९ तारखेला. ९ पर्यंत सगळे १ आणि २. मग ३ दिसायला लागले, १४ ला ५, वटपौर्णिमेची तयारी चालली होती त्या १७ आणि १८ ला सरळ ६. वटपौर्णिमा २१ ला होती, त्या दिवशी मी २ वर होते आणि सगळ्यांबरोबर वडाला गेले. २२ पासून सलग १. जुलैमध्ये लाल गोल १८ ला, आणि १७ ला, आषाढी एकादशीच्या चौकटीत, चारही ६. आणि ५ जुलै, जिथं कालनिर्णयवाल्यांनी काळा गोल छापलाय ती अमावास्या, तिथं चारही आकडे १.

मी कॅलेंडर भिंतीवरून काढून आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांना आकडे वाचता येतात. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ते धुणं काढायचीस ते?"

तेच तर. ज्याला झपाटा समजलं गेलं ती माझी बरी असलेली अवस्था होती. दहा दिवस मागं पडलेली कामं मी पुढच्या चार दिवसांत ओढून काढत होते. रात्री मात्र दहाला गाढ झोपत होते. हे कुणी विचारलंच नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी तरीही घाई केली नाही. ह्यांना वेगळं बसवून विचारलं, माझ्या बहिणीला फोन लावून विचारलं, कधी सलग चार-पाच दिवस न झोपता ताजी होती का, पैसे उधळले का, घरात आणखी कुणाला असं आहे का. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघितलं. मगच व्हॅल्प्रोएट हळूहळू उतरवलं, काही आठवडे लावून. आता पाळीआधीच्या पंधरवड्यात एक गोळी असते, पाळी आली की बंद. पहिल्याच महिन्यात ६ चे ३ झाले.

माझ्या आजाराचं नाव पीएमडीडी, म्हणजे प्रीमेनस्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, पाळीआधी मन टोकाचं बिघडण्याचा आजार. मला विचारायचंय ते हे: आणखी कुणाचं असं झालंय का? आणि उलटं झालंय का, बायपोलर असून पाळीवर ढकललं गेलं असं?

---

माणदेशी_पोरगी

उलटं झालंय. माझंच. दहिवडीच्या बाजूची मी.

मला कॉलेजपासून उदासीचे महिने यायचे. आई म्हणायची, बाईच्या जातीला असतंच, पाळी आली की मोकळं होईल. मीही तेच धरून चालले. लग्नानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले आणि स्वतःच सांगितलं, मला पीएमडीडी आहे, मोबाईलवर वाचलंय. त्यांनी विश्वास ठेवला. उदासीवरची गोळी दिली, रोजची.

तिसऱ्या आठवड्यात झोप गेली. पण कृष्णाकाठची, तुझ्यासारखी नाही. मी रात्री दोन तास झोपायची आणि पहाटे चारला उठून अंगण सारवायची, थकवा म्हणून नाही. कऱ्हाडला जाऊन उधारीवर अकरा साड्या आणल्या. पोल्ट्री काढायची ठरवली, शेडचं माप घेऊन आले, आईच्या पाटल्या गहाण ठेवायला सोनाराकडे निघाले. बोलायची इतकी भराभर की नवरा म्हणायचा, श्वास घे. मला वाटत होतं आयुष्यात पहिल्यांदा मी खरी जागी झालेय. नवव्या दिवशी ॲडमिट केलं.

तेव्हा वडिलांनी सांगितलं की थोरले चुलते "फिरलेले" होते. वर्षातले तीन महिने कुठंकुठं निघून जायचे, मग वर्षभर गप्प. लग्न मोडेल म्हणून ही गोष्ट कधी घराबाहेर गेली नव्हती, आणि म्हणून डॉक्टरांपर्यंतही गेली नाही.

आता तीन वर्षं लिथियमवर आहे. ठरलेल्या महिन्यांनी रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉईड, किडनी बघतात. मीही नंतर नोंद ठेवली. पाळी येते, जाते, माझे आकडे त्याला विचारत नाहीत. एकदा सात आठवडे सलग ५ होते, त्यात दोन पाळ्या येऊन गेल्या.

---

डॉ_मनोमन (सातारा)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथं कुणाचं निदान करणार नाही, पण या दोन प्रतिसादांनी अर्धं काम केलंय, उरलेलं लिहितो.

पीएमडीडीत महत्त्वाचा प्रश्न "पाळीआधी त्रास होतो का" हा नाही. अनेक मानसिक आजारांत त्रास पाळीआधी वाढू शकतो. महत्त्वाचा प्रश्न आहे, पाळी संपल्यावरचा आठवडा कसा जातो? पीएमडीडीत तो आठवडा जवळजवळ स्वच्छ असतो. त्रास बीज बाहेर पडल्यानंतर, म्हणजे साधारण पुढच्या पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत कधीतरी सुरू होतो, शेवटच्या आठवड्यात टोकाला जातो आणि पाळी आल्यावर काही दिवसांत ओसरतो. वर्षातल्या बहुतेक पाळ्यांना हे दिसावं लागतं.

बायपोलरमध्ये चढ आणि उतार आपल्या हिशेबानं येतात, आठवडे-महिने टिकतात. उन्माद म्हणायला किमान सात दिवस लागतात, किंवा ॲडमिट करण्याइतकी तीव्रता. सौम्य उन्मादाला किमान चार दिवस. त्या दिवसांत माणसाला झोपेची गरजच कमी होते. मी रुग्णाच्या नातेवाइकांना नेहमी हेच विचारतो: झोप नाही झाली, मग दुसऱ्या दिवशी कशी होती? मरगळलेली, किरकिरी असेल तर ती निद्रानाशाची गोष्ट. टवटवीत, बडबडी, मोठमोठे बेत आखणारी असेल तर कान टवकारायचे. पोरीच्या पहाटेच्या सारवणात जे आहे ते कृष्णाकाठचीच्या धुण्यात नाही.

आठवणीवर विसंबून चालत नाही याचं कारण साधं आहे. पाळीच्या आदल्या दिवशीचं भांडण लक्षात राहतं, कारण दुसऱ्या दिवशी पाळी आली की "अच्छा, म्हणून" असं मनात जुळतं. तेवढंच भांडण बाराव्या दिवशी झालं तर विसरलं जातं. खात्रीनं "पाळीआधीच होतं" म्हणणाऱ्या बऱ्याच जणींच्या नोंदी वेगळंच सांगतात. म्हणूनच अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात, २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, पीएमडीडीला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली तेव्हा अट घातली गेली: किमान दोन त्रासदायक चक्रांची रोजची नोंद. त्याआधी १९९४ च्या आवृत्तीत हा आजार मागं परिशिष्टात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही तो आहे, ते २०२२ पासून लागू झालं.

गोळ्यांबद्दल, कारण फरक ओळखायचा तो त्यासाठीच. पीएमडीडीत फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या काही दिवसांतच गुण देतात. उदासीच्या आजारात याच गोळ्यांना काही आठवडे लागतात. म्हणून पीएमडीडीत त्या फक्त दुसऱ्या पंधरवड्यात देता येतात. पण बायपोलर असलेल्या व्यक्तीला मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती हीच गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. तिकडे पीएमडीडीच्या बाईला वर्षानुवर्षं व्हॅल्प्रोएट दिलं तर ते वेगळं नुकसान. गर्भारपणात या औषधामुळे बाळाच्या मणक्याला व्यंग येऊ शकतं, बौद्धिक वाढीवर परिणाम होऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते शक्यतो देऊ नये, आणि द्यावंच लागलं तर हे सांगून, गर्भनिरोधनाची खात्री करून. तुम्हाला ते सांगितलं गेलं नाही याचं मला, याच व्यवसायातला माणूस म्हणून, वाईट वाटतं.

हे वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नका. अचानक थांबवलं तर बायपोलर उलटतो, आणि व्हॅल्प्रोएट अचानक थांबवल्यानं फिटही येऊ शकते.

---

वारणेचा_वारा

वाचतोय. कुणाला दुखवायचं नाही, पण मनात आलं ते विचारतो. माझ्या आजीला आठ मुलं झाली. शेत, गुरं, चूल, सगळं केलं तिनं. तिच्या तोंडून असलं कधी ऐकलं नाही. ही नवी दुखणी आपल्या राहणीमुळे आली असं नाही का?

---

कृष्णाकाठची (सांगली)

दादा, प्रश्न चांगला आहे. मीच डॉक्टरांना विचारला होता, माझीही आजी तशीच. त्यांनी उलट मलाच हिशेब करायला लावला. आठ बाळंतपणं, म्हणजे आठ वेळा नऊ-नऊ महिने पाळी नाही. प्रत्येक बाळ अंगावर दीड-दोन वर्षं, त्यातही कितीतरी महिने पाळी नाही. तुमच्या आजीला आयुष्यात जेवढ्या पाळ्या आल्या, त्याच्या कितीतरी पट मला येणार. जे पाळीच्या चक्राला बांधलेलं आहे ते तिला भेटलंच कितीदा?

आणि ती बोलली नाही म्हणजे नव्हतंच, असं मला वाटत नाही. "चार दिवस तिच्या वाटेला जाऊ नका" हे आमच्या घरात कुणाबद्दल तरी म्हटलं जायचंच.

---

डॉ_मनोमन (सातारा)

नव्या राहणीबद्दल एवढंच जोडतो. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीआधीच्या ताणाचं वर्णन १९३१ साली छापलं. आजार जुना आहे.

या बायकांच्या रक्तात हार्मोन कमी-जास्त असतात असंही नाही. तपासणी केली तर आकडे इतरांसारखेच निघतात, आणि मग "रिपोर्ट नॉर्मल, नाटक करते" असं घरी ऐकावं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. औषधानं बीजकोषांचं काम थांबवलं तेव्हा या त्रासातल्या अनेक बायकांना बरं वाटलं. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, आणि त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच हार्मोन देऊन काहीच झालं नाही. पाणी तेच, जमीन वेगळी. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, एरवी तो मन शांत करतो. या बायकांचा मेंदू त्याच्या चढउताराला वेगळं उत्तर देतो, असं आज समजलं जातं.

---

सुईदोरा

मिरजेत शिवणकाम करते. तुम्ही दोघी म्हणता हे किंवा ते. माझ्यात दोन्ही आहे. निदान बायपोलर, अकरा वर्षं झाली, लॅमोट्रिजिन चालू आहे आणि एरवी मी चांगली असते. पण पाळीच्या आधीचे पाच दिवस माझं मलाच कळत नाही. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज उसवून परत शिवायचा तर हात थरथरतात. सांगितलं तर म्हणतात तुमचा आजारच आहे तो. म्हणजे ज्याला एक आजार आहे त्याला दुसरं काही व्हायचंच नाही का?

---

डॉ_मनोमन (सातारा)

ताई, होऊ शकतं, आणि ते नुसतं "आजारच आहे" म्हणून सोडून देण्यासारखं नाही. काही जणींना बायपोलर आणि पीएमडीडी दोन्ही असतात. त्याहून जास्त जणींचा मूळ आजार पाळीआधी उचल खातो. नोंदीत ते असं दिसतं की पाळीनंतरचे आकडे १ वर येत नाहीत, २-३ वर राहतात, आणि पाळीआधी ५-६ ला जातात. उपचार आधी मूळ आजार नीट बसवण्यापासून सुरू होतो.

तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी बरीच खाली आणतात, जवळजवळ निम्म्यावर. कुणी पाळीच्या त्रासासाठी तशी गोळी लिहून दिली तर तुमच्या मानसोपचारवाल्यांना कळल्याशिवाय सुरू करू नका. गोळीच्या पाकिटातले मोकळे सात दिवस आले की पातळी परत वर उडी मारते, तोही त्रास.

---

सुईदोरा

दोन वर्षांपूर्वी अशी गोळी चार महिने घेतली होती. त्याच चार महिन्यांत बिघडले होते. आज कळतंय का ते. दोन्ही डॉक्टरांच्या फाइली मी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवते, आता एकीत ठेवते.

---

ऊसपट्टा

कोरेगावकडची आहे. मला तर सरळ "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असं सांगितलं होतं. वय एकोणचाळीस. काढली. रक्त जायचं बंद झालं, पण दर महिन्याचं रडणं आणि आग-आग बंद झाली नाही. लोक म्हणतात, आता तर पाळीच नाही, आता कसलं निमित्त?

---

कृष्णाकाठची (सांगली)

ताई, वाचून पोटात कालवलं. डॉक्टर सांगतीलच, पण मला सांगितलेलं हे: पिशवी काढली तरी बीजकोष जागेवर असतील तर महिन्याचं चक्र आत चालूच राहतं. फक्त लाल गोल करायला खूण उरत नाही. तुम्ही आकडे लिहा, दोन-तीन महिन्यांत ठरावीक अंतरानं चढ दिसला तर तो कागद घेऊन जा.

आपल्याकडे पिशवी काढणं किती सहज सांगतात. ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात आपल्या कारखान्यांवर, त्यातल्या कितीतरी बायकांच्या तरुणपणीच पिशव्या काढलेल्या. २०१९ ला ते बाहेर आलं आणि सरकारनं समिती नेमली. पिशव्या काढल्या त्या कशासाठी, तर पाळीची रजा म्हणजे मजुरी बुडणार, म्हणून. त्या बायकांना नंतर मनाचं काय झालं हे विचारायला कोण गेलं असेल?

---

शाळामास्तरीण

माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीला. महिन्यातून एकदा दोन-तीन दिवस दार लावून घेते, वही फाडते. पाळी अजून कधी पस्तीस दिवसांनी, कधी चोविसाव्या दिवशी. मी इथलं वाचून घाबरलेय. आत्तापासून कुठला शिक्का नको लागायला.

---

डॉ_मनोमन (सातारा)

शिक्का नकोच. पहिली काही वर्षं पाळी अनियमित असते. तिला स्वतःलाच लिहू द्या, तुम्ही वाचायला मागू नका, फक्त झोपेची वेळ तुम्ही टिपा. हिमोग्लोबिन करून घ्या, मुलींमध्ये रक्त कमी असणं फार दिसतं आणि त्यानंही चिडचिड, थकवा येतो. बायपोलरची सुरुवात पुष्कळदा याच वयापासून पंचविशीपर्यंत होते, म्हणून घराण्यात कुणाला होतं का हे प्रामाणिकपणे आठवा. आणि ती मरणाचं बोलली, हातावर कापून घेतलेलं दिसलं, तर नोंदी पूर्ण व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

अजिंक्यतारा

परवाच्या चर्चेत "महिन्यातले आठ-दहा दिवस बायपोलर" असं लिहिणारा मीच. साताऱ्यात राहतो. सगळं दोनदा वाचलं. तो शब्द मी एका व्हिडिओवरून उचलला होता, तिला कुठल्या डॉक्टरनं सांगितला नव्हता. भांडणात तिच्या तोंडावरही फेकलाय.

मला सांगा, हे तिच्याकडे कसं काढायचं? मागे एकदा मी विचारलं, "तारीख जवळ आलीय का तुझी?" तर तिनं दोन दिवस अबोला धरला.

---

माणदेशी_पोरगी

धरणारच. तिच्या म्हणण्याला उत्तर न देता तुम्ही तिची तारीख विचारलीत. त्या दिवसांत काढलेला मुद्दाही बऱ्याचदा खराच असतो हो. मीठ कमी असतंच कधीतरी, आणि भांडी तिला एकटीलाच घासावी लागत असतात.

---

कृष्णाकाठची (सांगली)

पाळी संपून चार-पाच दिवस झाले की काढा विषय. आणि "तुला काय झालंय" असा नको. ह्यांनी माझ्याशी केलं ते सांगते: ते म्हणाले, तू तुझं लिही, मी माझ्याकडून दिसतं ते लिहितो, महिनाअखेरीला शेजारी ठेवू. त्यांनी फक्त दोन गोष्टी लिहिल्या, मी किती तास झोपले आणि घरात आवाज किती चढला. स्वतःचा चढलेला आवाजही लिहिला त्यांनी. डॉक्टरांकडे जाताना पाळीचं बोलायची वेळ आली तर तुम्ही आपणहून बाहेर थांबा, ती म्हणाली तर आत या.

---

अजिंक्यतारा

आठ दिवसांनी लिहितोय. रविवारी बोललो. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, दोन वर्षं झाली मी मोबाईलमध्ये तारखा टाकतेय, तुम्हाला कधी दाखवल्या नाहीत. कालनिर्णय स्वयंपाकघरात नको म्हणाली, पाहुणे वाचतील. कपाटाच्या दाराला आतून लावलंय. काल रात्री पहिली नोंद. तिनं चिडचिडीला ४ लिहिलं, मी २ लिहिलं होतं. खोडून एकच आकडा करायचा का?

---

कृष्णाकाठची (सांगली)

खोडू नका. दोन्ही राहू द्यात, तिचा पेन्सिलीनं आणि तुमचा पेनानं.